न्यायपालिका सक्रिय असली म्हणजे ती स्वतंत्रही असते का?

मेन्स_अर्धवट: स्पर्धा परीक्षेच्या जीएस-२ (सामान्य अध्ययन) पेपरसाठी न्यायालयीन सक्रियतेवर, म्हणजे कोर्टाने कायदा-कारभारात स्वतः पुढाकार घेण्यावर, उत्तर लिहून बघतोय. क्लासच्या नोट्समध्ये दिलंय की न्यायपालिका जितकी सक्रिय, तितकी स्वतंत्र. चांगलं उदाहरण विशाखा (१९९७, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कोर्टाने घातलेले नियम), वाईट उदाहरण हायवेवरची दारूबंदी (२०१६, हायवेलगतची दारू दुकानं हटवण्याचा कोर्टाचा आदेश). पण निकष काय, ते दिलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_स्टेनो: नोकरी जिल्हा न्यायालयात गेली, त्यामुळे निकाल वाचायची खोड लागलीय. नोट्समधलं पहिलं वाक्य आधी खोडा.

एप्रिल १९७६ चा जबलपूर खटला घ्या. आणीबाणीत मिसाखाली (विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा) डांबलेल्याला हेबियस कॉर्पस, म्हणजे अटक बेकायदा आहे म्हणून सुटकेची दाद, कोर्टाकडे मागता येते का, हा प्रश्न. अनेक उच्च न्यायालयं 'येतं' म्हणाली होती, आपलं नागपूर खंडपीठसुद्धा. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत न्या. खन्नांनी सरकारचे वकील, ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तर? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर दाद नाही. एवढं ऐकूनही निकाल ४ विरुद्ध १ सरकारच्या बाजूने. विरोधात एकटे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठ असूनही त्यांना डावलून सरकारने बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

आता त्या चौघांत कोण होते बघा. न्या. भगवती! पुढे पोस्टकार्डाची याचिका करून घेणारे, जनहित याचिकेचे जनक वगैरे. सक्रियतेत त्यांचा हात धरणारा नाही, पण स्वातंत्र्याची परीक्षा झाली तेव्हा पास झाले खन्ना, आणि ते काही 'सक्रिय' म्हणून ओळखले जात नव्हते.

वकील_साताऱ्याहून: काका, हे मान्य, पण विशाखाचं काय? कायदाच नव्हता, कोर्टाने नियम घालून दिले म्हणून बायकांना तक्रार करायला जागा तरी मिळाली. संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडलं.

निवृत्त_स्टेनो: चांगलंच केलं की. पण त्या नियमांना केंद्राच्या सॉलिसिटर जनरलची, म्हणजे सरकारी वकिलाची, संमती होती, निकालातच लिहिलंय. सरकारशी झुंज नव्हतीच. सक्रियता होती, स्वातंत्र्याचा कस लागला नाही.

बिनपगारी_पंच: आणि दारूबंदी? अपघातात माणसं मरतात, कुणीतरी करायलाच हवं होतं.

निवृत्त_स्टेनो: हेतू चांगला, पण काम उत्पादन शुल्कवाल्यांचं. आधी हायवेपासून सरसकट ५०० मीटरांत दुकान नको. मग वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला २२० मीटर, सिक्कीम-मेघालयाला सूट. जुलै २०१७ मध्ये खुलासा, की महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत हे लागू नाही. केरळात एका बारवाल्याने दारापुढे वळणावळणाची वाट बांधून अंतर वाढवून घेतलं. हसू नका, ही वेळ येते कारण कोर्टाकडे मोजायला माणूस नसतो आणि चुकलं तर मतदाराला जाबही द्यावा लागत नाही.

बिनपगारी_पंच: मग कॉलेजियमचं, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नेमणुका ठरवण्याच्या पद्धतीचं, बोला. २०१५ ला एनजेएसी (न्यायाधीश नेमणुकीचा आयोग, ज्यात सरकारलाही जागा होती) कोर्टाने रद्द केला, न्यायाधीशच न्यायाधीश नेमणार. हे स्वातंत्र्य की सोय?

निवृत्त_स्टेनो: दोन्ही. १९७३ आणि १९७७ ला सरकारने सरन्यायाधीश नेमताना ज्येष्ठांना डावललं नसतं तर कॉलेजियमची गरज पटवून देणं अवघड गेलं असतं. पण बंद दाराआडच्या नेमणुका मला पटत नाहीत. त्या निकालात न्या. चेलमेश्वरांनी वेगळं मत दिलंय, तेही वाचा.

मेन्स_अर्धवट: आभारी आहे. पण उत्तर दीडशे शब्दांचं आहे हो!

निवृत्त_स्टेनो: मग केरळ काढा, निरेन डे ठेवा.