शिक्षण परिषदेत सगळ्यांना बोलतं कसं करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी धारणी तालुक्यात, मेळघाटात, जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या, शिक्षण परिषदेत सुलभक (चर्चा घडवून आणणारी) म्हणून गटकार्य घ्यायचं आहे. विषय आहे घरी कोरकू बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांचं मराठी वाचन.

मागच्या वेळी ५-५ जणांचे गट केले होते. प्रत्येक गटात ज्येष्ठ गुरुजींनीच मार्कर घेतला, चार्टपेपर भरला, सादरीकरणही त्यांनीच केलं. आमच्या एक मॅडम स्वतः कोरकू आहेत. मुलं कुठल्या मराठी शब्दाला अडतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्या शेवटपर्यंत गप्प. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा बाजूला ठेवून किती सांगत होत्या! ते सगळं गटात यायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे.

या वेळी आधी २ मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं चिठ्ठीवर लिहायचं, मग जोडीत बोलायचं, मग चौघांत, असं ठरवलंय. कुणी करून पाहिलंय का? जोड्या आपण लावाव्यात की चिठ्ठ्या टाकून? आणि ज्येष्ठांचा मान राखून त्यांना मध्येच थांबवताना तुम्ही नेमकं काय म्हणता? तेच वाक्य जसंच्या तसं लिहा. गडचिरोलीकडे गोंडी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांनी तर नक्कीच सांगा.