मदत हवी आहे: ३०० एमएमला (पूर्ण झूमवर) फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट येतायत, लेन्स गेली का?

मंडळी, गेले तीन रविवार नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चकरा मारतोय, एक फोटो धड नाही. नाशिकरोडहून अंधारात निघायचं, निफाडच्या थंडीत बोटं बधिर करून घ्यायची आणि घरी येऊन झूम केलं की शेकाट्या पक्ष्याचे लाल पाय म्हणजे नुसती गुलाबी पुसट रेघ.

कॅमेरा सेकंडहँड डीएसएलआर, लेन्स ७०-३०० एमएम झूम. शटर १/१२५० सेकंद, छिद्र एफ ८, संवेदनशीलता आयएसओ ८००, फोकस सिंगल पॉइंट (एकाच बिंदूवर). पक्षी शंभरेक मीटरवर. हात हलतो म्हणाल तर निरीक्षण मनोऱ्याच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून काढले. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून पाहिला (तसाही दोनशे रुपयांचाच होता). फरक शून्य.

आणि घरी? गॅलरीत दहा फुटांवर पेपर टांगला, ३००लाच काढला, तर छोट्या जाहिरातींतले फोन नंबरसुद्धा वाचता येतात! दुकानदार म्हणतो लेन्स उघडावी लागेल. उन्हात हवा थरथरते हे ऐकून आहे, पण सकाळी आठला, दात वाजत असताना, कसली थरथर?

उत्तर: लेन्स उघडायला देऊ नका. अहो, थंडीतही होतं ते. धरणाचं पाणी रात्रीतून फारसं निवत नाही, हवा मात्र गारठते. पाण्यालगतची ऊबदार हवा वर चढते, गार हवेत मिसळते आणि त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. पाण्यावर वाफ होती का? शटरचा वेग कितीही वाढवा, उपयोग नाही. गाडीच्या खिडकीतून काढतानाही हीटर लावलेला असेल तर हाच घोळ.

खात्री करायचीय? सलग काढलेले दहा फोटो भराभर पुढे-मागे करून बघा. फोकस चुकत असेल तर पक्ष्याच्या पुढचं नाहीतर मागचं गवत लख्ख दिसेल. हात हलला असेल तर सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या. हवा असेल तर प्रत्येक फोटो वेगळ्याच तऱ्हेने बिघडलेला.

धागाकर्ता: पाहिलं. पाणकणसाचा एकच दांडा एका फोटोत सरळ, पुढच्यात मधेच मुरडलेला, तिसऱ्यात परत सरळ! वाफ होतीच, उलट मी तिच्यावरच खूश होतो. दुकानदाराला नको म्हणून कळवलं. आता एवढंच सांगा, वीस-पंचवीस मीटरवर पक्षी मिळतील अशी काठाची जागा कोणती?