मदत हवी आहे: कोरोनाची चाचणीच होत नाही, मग आजारपणाचा पगार कसा मिळवायचा?

माझा भाऊ नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कामाला आहे. चार दिवस ताप, खोकला, तोंडाची चवही गेलीय. दवाखान्यात म्हणाले, किट कमी आहेत, दम लागला तरच चाचणी. तोवर घरीच वेगळे राहा. कंपनी मात्र पॉझिटिव्ह रिपोर्ट मागते, नाहीतर बिनपगारी रजा. रिपोर्ट आणायचा कुठून? तापात कामावर गेला तर लाइनवरच्या सगळ्यांना लागण होईल, हे त्यांना कसं कळत नाही!

त्याच्या पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलं जातं. त्यातून आजारपणात 70 टक्के वेतन, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतं. पण नुसत्या लक्षणांवर ईएसआयच्या डॉक्टरांनी दाखला दिला, असं सातपूर-अंबडकडे कुणाचं झालंय का? कंपनीला लेखी काय द्यावं? घरात सत्तरीची आई आहे, कृपया लवकर सांगा.