गुडघ्यातल्या लिगामेंटला ‘स्नायू’ म्हणावे का?

बेळगाव : कबड्डीत भाच्याचा गुडघा पिळवटला. त्याच्यासाठी दवाखान्याचे कन्नड पत्रक मराठीत उतरवताना मी ‘पुढचा स्नायू तुटला आहे’ असे लिहिले, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ते वाक्य खोडले. स्नायू आकुंचन पावतो. हा तर मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाशी बांधणारा, जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीचा चिवट पट्टा आहे, असे त्यांचे म्हणणे. कन्नडमध्ये ‘अस्थिरज्जू’ आहे. आजोबा मात्र पाय मुरगळला की ‘स्नायू दुखावला’ असेच म्हणत. मग ‘अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट’ मराठीत कसे लिहावे?

निपाणी : आजोबांचा शब्द जुना आणि खरा आहे. सुश्रुताने शरीरात ९०० स्नायू सांगितले असून, फळ्यांची नाव दोरांनी घट्ट बांधली म्हणजे पाण्यावर भार पेलते, तसा स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे माणूस भार पेलतो, असा दाखला दिला आहे. मांसाला त्याचा शब्द ‘पेशी’. आज स्नायू मांसाच्या जागी गेला आणि पेशी ‘सेल’च्या, ही उलथापालथ आपण का मान्य करावी?

खानापूर : पत्रक रुग्णासाठी आहे, म्हणून मान्य करावी. त्याच कागदावर ‘मांडीचे स्नायू बळकट करा’ असेही असणार. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर मुलगा तुटलेला पट्टा व्यायामाने सांधायला बसेल. शाळेत शिकलेला ‘अस्थिबंध’ घ्यावा. ‘रज्जू’ म्हटले की मज्जारज्जू आठवतो. क्रुशिएट म्हणजे फुलीसारखा; त्यासाठी ‘स्वस्तिकबंध’ शोभेल.

निपाणी : शोभणार नाही. सुश्रुताच्या १४ पट्टीबंधांत ‘स्वस्तिक’ आधीच आहे; वैद्य त्याचा अर्थ जखमेवरची पट्टी असा घेईल.

बेळगाव : मग ‘फुलीबंध’? गुडघ्याच्या आत असे दोन पट्टे एकमेकांना छेदून फुली करतात. आपला पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोलव्यावर, मागच्या बाजूला सुरू होतो आणि नडगीच्या माथ्यावर पुढे येऊन रुजतो. म्हणजे ‘पुढचा’ हे नाव खालच्या टोकावरून पडले. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना पिळवटू नये, हे त्याचे काम. शस्त्रक्रियेपूर्वी भाचा सरळ रस्त्याने नीट चालत असे, पण जिन्याच्या वळणावर अंग वळवले की गुडघा निसटे आणि तो कठडा धरून उभा राही.

चिकोडी : या पट्ट्यात दोन पदर असतात, पाय सरळ असताना एक अधिक ताणला जातो, दुमडल्यावर दुसरा. विहिरीतून पाणी ओढायच्या वडिलांच्या मोटेलाही दोन दोर होते, जाड नाडा आणि पाणी ओतणाऱ्या सोंडेचा बारीक सोंदूर. ‘बंध’ म्हटल्यावर ताण कळत नाही, दोर म्हटल्यावर कळतो. मी ‘गुडघ्याचा नाडा’ लिहीन.

खानापूर : नाडा म्हटले की आजची मुले लेंग्याची नाडी समजतील.

चिकोडी : मोट पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. सोंदुराला तुमच्याकडे काय म्हणतात, ते आधी सांगावे. पदरांची नावे त्यावरूनच ठरवता येतील.