ग्रुप ड्राइव्हला येण्याआधी प्रशिक्षकासोबतचा एक ट्रॅक डे सक्तीचा असावा का?

वळणवाट (धागाकर्ता)

आमच्या स्पोर्ट्स कार क्लबच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. विरोध होणार हे ठाऊक आहे, म्हणून तो आधी इथे टाकतोय. ठराव असा: क्लबच्या नावाने रस्त्यावर निघणाऱ्या ड्राइव्हमध्ये स्वतः गाडी चालवत यायचं असेल, तर सभासदाने प्रशिक्षकासोबत किमान एक ट्रॅक डे (शर्यतीच्या बंदिस्त सर्किटवर गाडी चालवायचा दिवस, शर्यत नव्हे) केलेला असावा. नुसत्या भेटीगाठी, प्रदर्शनं यांना ही अट नाही.

आपल्यातल्या बहुतेकांनी गाडीचा ब्रेक पूर्ण ताकदीने कधी दाबलेलाच नसतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागू होताना पायाखाली पेडल थरथरतं, तेव्हा दचकून पाय उचलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करत असल्याची खूण. पाय तसाच दाबून ठेवायचा आणि गाडी वळवून अडथळा चुकवायचा. हे वाचून डोक्याला कळतं, पायाला कळायला ते एकदा करावं लागतं, आणि रहदारीच्या रस्त्यावर त्याचा सराव करायची सोय नाही. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. सरळ पट्टा संपत आलाय आणि ब्रेकिंगच्या अंतराच्या पाट्या अंगावर येतायत, तेव्हा ते पहिल्यांदा खरं वाटतं.

थोडा इतिहास. अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला १९४८ मध्ये स्पोर्ट्स कारच्या शर्यती सुरू झाल्या त्या सार्वजनिक रस्त्यांवर, थेट गावातून. १९५२ मध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि एक लहान मुलगा गेला. मग शर्यत गावाबाहेर नेली आणि १९५६ मध्ये कायमचं बंदिस्त सर्किट तयार झालं. आपल्या छंदाला रस्त्यावरून उचलून कुंपणाच्या आत न्यायला एक मूल दगावावं लागलं. तरीही आज आपण नव्या सभासदाचं पहिलं स्वागत रस्त्यावरच करतो. त्याने गाडी आणली की आला लगेच रांगेत! हे मला पटत नाही.

जुनी टू-सीटर

ठाम विरोध.

माझी गाडी उघड्या टपाची आणि जुनी आहे. तिला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी धातूची कमान) नाही. बहुतेक आयोजक उघड्या गाडीला रोल बारशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. विंडशील्डच्या वरच्या कडेपासून रोल बारच्या टोकापर्यंत काठी आडवी धरली, तर चालकाचं हेल्मेट त्या काठीच्या खाली राहिलं पाहिजे. ही अट पुरी करायची तर गाडीच्या मूळ पत्र्याला भोकं पाडावी लागतील, आणि ते मी करणार नाही. म्हणजे तुमच्या ठरावाने मी क्लबच्या बाहेर. माझ्यासारखे अजून बरेच.

शिवाय विमा. अनेक पॉलिसींमध्ये ट्रॅकवरचं नुकसान वगळलेलं असतं, तुम्ही शर्यत लावा वा न लावा. सभासदाला विम्याच्या कवचाबाहेर पाठवायची सक्ती क्लब कोणत्या अधिकाराने करणार?

स्पोर्ट्स कार म्हणजे वेगच, हे गृहीतक मला मुळातच मान्य नाही. माझदाने १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ आणली. वजन टनाच्या आसपास, इंजिन १.६ लिटरचं, ताकद बेताची, चालना मागच्या चाकांना. तिच्यात आनंद मिळतो तो कायद्यातल्या वेगाला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. जगभरातल्या लाखो लोकांनी ती घेतली ती काही लॅप टाइमसाठी, म्हणजे ट्रॅकच्या फेरीची वेळ कमी करण्यासाठी नव्हे. टप उघडं ठेवून चार ओळखीच्या माणसांसोबत चांगल्या रस्त्यावरून जाणं हे पूर्ण सुख आहे. त्याला परीक्षेची पायरी लावू नका.

वळणवाट (धागाकर्ता)

@जुनी टू-सीटर, तुमचीच गाडी न्या असं ठरावात कुठेही नाही. क्लबच्या किंवा दुसऱ्या सभासदाच्या गाडीत प्रशिक्षकासोबत बसा, ओल्या स्किडपॅडवर (गाडी घसरण्याच्या सरावाच्या मोकळ्या जागेवर) ताशी ४० च्या वेगात गाडीची मागची बाजू कशी सुटते आणि कशी सावरते ते अनुभवा. मला तेवढं पुरेल. विम्याचा मुद्दा मात्र खरा आहे. ट्रॅकपुरता वेगळा विमा काही ठिकाणी मिळतो, सगळीकडे नाही. ठरावाच्या मसुद्यात याचा उल्लेख घालतो.

मागची गाडी

मी कित्येक वर्षं आमच्या ग्रुप ड्राइव्हमध्ये शेवटची गाडी चालवतो. सगळा ताफा माझ्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ड्राइव्हमध्ये होणारे बहुतेक धोकादायक प्रसंग कौशल्य कमी पडल्यामुळे होत नाहीत. ते रांगेच्या रचनेतून येतात. दहा गाड्या आहेत असं धरा. एका तिठ्यावर रहदारीत शिरायला प्रत्येकीला पाच सेकंद लागले. शेवटची निघेपर्यंत पहिलीला निघून ४५ सेकंद झालेले असतात. पहिली अगदी शिस्तीत ताशी ६० ने गेली, तरी ती पाऊण किलोमीटर पुढे. शेवटच्याने तिला गाठायचं ठरवलं तर त्याला ताशी ८० ने सव्वादोन मिनिटं चालवावं लागतं, तेही अनोळखी रस्त्यावर. पुढच्या तिठ्यावर परत तेच. पुढारी शपथेवर सांगतो की मी सावकाश चालवत होतो, आणि ते खरंच असतं. मागे लोक मात्र जीव मुठीत धरून ओव्हरटेक करत असतात, कारण रस्ता फक्त पुढच्याला माहीत आहे आणि हरवायची भीती वाटते.

याचा इलाज ट्रॅकवर नाही. पाच-सहा गाड्यांचे गट करा, गटांमध्ये दहा-दहा मिनिटांचं अंतर ठेवा. मार्ग आणि थांबे आदल्या दिवशी सगळ्यांच्या हातात द्या. प्रत्येक वळणफाट्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीने सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि शेवटची गाडी दिसेपर्यंत हलायचं नाही. गटात आपसात ओव्हरटेकिंग बंद. नवखा सभासद दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी, शेपटीला कधीच नाही. हे केल्यापासून आमच्याकडे पाठलाग थांबला. ट्रॅकवर अतिशय वेगवान असलेला एक सभासद मात्र अजूनही मधल्या जागी चुळबुळत असतो. ट्रॅक डेने त्याला हे शिकवलेलं नाही.

मोजपट्टी

धागाकर्त्याच्या ठरावात एक मोठा धोका आहे. शिकलं की सुरक्षित होतो, असं आपण मानून चालतो. १९८० च्या दशकात नॉर्वेत नव्या चालकांना घसरड्या पृष्ठभागावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. अभ्यासकांनी परिणाम तपासले तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचं आढळलं. घसरलेली गाडी सावरता येते असा विश्वास आला, आणि त्या विश्वासाने ते घसरेल अशा वेगात शिरले.

ट्रॅकवरचं दुसरं काय रस्त्यावर येतं? रेषा. ट्रॅकवर वळणाला पूर्ण रुंदी वापरतात, बाहेरून आत आणि परत बाहेर. रस्त्यावर ती बाहेरची कड म्हणजे समोरून येणाऱ्याची लेन. शिवाय ट्रॅकचं प्रत्येक वळण तासाभरात पाठ होतं, वळणापलीकडे गुरं नसतात, खडी नसते, सायकलवालाही नसतो. रस्त्यावरच्या आंधळ्या वळणाला एकच नियम असतो: जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ट्रॅकवर हा नियम पाळणारा सगळ्यात मंद ठरतो.

लाल निशाण

मी ट्रॅकवर मार्शल म्हणून, म्हणजे चालकांना निशाणं दाखवायला उभा राहतो. ट्रॅक डेचा पक्का समर्थक आहे, तरी या ठरावाला माझा विरोध. कारण वरच्या कुणी लिहिलेलं नाही.

ट्रॅकवर सगळ्यात जास्त भीती वाटते ती मनाविरुद्ध आलेल्या माणसाची. सकाळच्या ब्रीफिंगला तो मागे उभा असतो. पिवळं निशाण म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेकिंग बंद. पिवळ्या-लाल पट्ट्यांचं म्हणजे पुढे रस्ता निसरडा. निळं म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. काळं म्हणजे तुम्हालाच पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत) बोलावलंय. लाल म्हणजे सत्र थांबलं. हे त्याने ऐकलेलं असतं, पण मनात उतरलेलं नसतं. बाहेर गेल्यावर तो आरसा बघत नाही. मागे तीन गाड्या अडकतात, तरी हात बाहेर काढून पुढे जा अशी खूण देत नाही. जो स्वतःच्या इच्छेने येतो तो प्रश्न विचारतो, चूक झाली तर पिटमध्ये येऊन प्रशिक्षकाशी बोलतो. शिक्का घ्यायला आलेला दिवस ढकलतो. शंभर सक्तीचे लोक पाठवू नका, दहा आवडीने येणारे पाठवा.

आणखी एक. ट्रॅक डे म्हणजे काय हेही स्पष्ट लिहा. जर्मनीतलं नॉर्डश्लाइफं हे शर्यतीचं सर्किट २०.८ किलोमीटरचं आहे आणि ठरावीक दिवशी तिकीट काढून कुणीही आपली गाडी तिथे नेऊ शकतं. पण त्या वेळी ते कायद्याने टोल भरून वापरायचा एकेरी रस्ता असतं, रहदारीचे नियम लागू असतात. शेजारी प्रशिक्षक नसतो, अनुभवानुसार गट नसतात. तिथे एक फेरी मारून आलो, म्हणजे अट पूर्ण, असं कुणी म्हणायला लागलं तर ठरावाचा हेतूच संपला.

शेजारची सीट

मी चालवत नाही, शेजारी बसते. आमच्या क्लबच्या ड्राइव्हमध्ये निम्मी माणसं तरी माझ्यासारखी असतात, आणि या धाग्यावर आमचा उल्लेखही नाही.

मी ठरावाच्या बाजूने आहे. अनेक ट्रॅक डेंना नवख्या चालकाच्या शेजारी फक्त प्रशिक्षकाला बसू देतात. घरच्या माणसाला नाही. कारण उघड आहे: या चालकाला अजून आपल्या गाडीचा अंदाज नाही, दुसऱ्याचा जीव त्याच्या हाती देऊ नये. तिथे हेल्मेट असतं, रुग्णवाहिका उभी असते, समोरून कुणी येत नसतं, तरीही नाही. तोच चालक पुढच्या रविवारी घाटरस्त्यावर ग्रुप ड्राइव्हला निघतो, पुढे-मागे त्याच्याहून दमदार गाड्या, आणि शेजारी मी, हेल्मेटशिवाय. यात कुणाला काहीच खटकत नाही?

@मोजपट्टी, तुमचा नॉर्वेचा मुद्दा मी दोनदा वाचला. पण शेजारी बसून मला जे दिसतं ते सांगते. ट्रॅकवर एकदा स्वतःची पायरी कळल्यावर आमच्या घरच्या चालकाची रस्त्यावरची ईर्ष्या खूप उतरली. मागून कुणी दिवे मारले तर आता सरळ बाजूला होऊन वाट देतात. सगळ्यांचं असं होत असेल असा माझा दावा नाही.

तापलेली डिस्क

ब्रेकचं काम करतो. ठरावाला पाठिंबा, पण चालकासाठी नाही, गाडीसाठी.

ट्रॅक डेच्या आधी गाडी तपासावीच लागते, आणि तेव्हा काय काय निघतं ते बघा. ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ या प्रकारचं फ्लुइड नवं असताना मानकानुसार किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शिरल्यावर ती किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उताराला कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) तापले की जुन्या फ्लुइडमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल थेट जमिनीला टेकतं. वर्षभर झाकून ठेवलेल्या, चकचकीत, कमी चाललेल्या स्पोर्ट्स कारमध्ये फ्लुइड कित्येकदा सगळ्यात जुनं असतं, कारण गाडी चाललीच नाही, मग बदलायचं कशाला, असं मालकाला वाटतं. टायरचंही तेच. नक्षी नवीकोरी, रबर कडक. बाजूवर छापलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ते आजच वाचा.

@जुनी टू-सीटर, तुमची गाडी ट्रॅकवर न्या असं मी म्हणणार नाही. पण ड्राइव्हआधी ट्रॅकचीच तपासणी यादी तिला लावा. चाकांचे नट टॉर्क रेंचने कसलेले, बॅटरी हलत नाही, चालकाच्या पायाखालची मॅट सरकत नाही, सीटमागे काही सैल पडलेलं नाही. हे सक्तीचं करायला कुणाची हरकत असू नये.

वळणवाट (धागाकर्ता)

तपासणी यादी मान्य, ती वेगळा ठराव म्हणून मांडतो. @मागची गाडी, छोट्या गटांची तुमची पद्धतही घेतो, फक्त ती ट्रॅक डेला पर्याय आहे हे मला मान्य नाही. तुमच्या रचनेत पाठलाग थांबेल, पण समोर अचानक ट्रॅक्टर आडवा आला तर पहिल्या गाडीतल्या माणसाचा पाय ब्रेकवर किती जोरात पडेल, ते रचना ठरवत नाही.

@मोजपट्टी, नॉर्वेच्या मुद्द्यामुळे मी मसुदा बदलतोय. दिवसाचा भर गाडी सावरण्यावर आणि रेषेवर नसेल. पूर्ण ब्रेकिंग, ओल्यावर आणि कोरड्यावर थांबायच्या अंतरातला फरक, आणि नजर किती लांब ठेवायची, एवढंच. वेळ मोजायची नाही. @लाल निशाण, सक्तीवर मात्र मी ठाम आहे. @शेजारची सीट यांनी जो प्रश्न विचारलाय, त्याला माझ्याकडे ऐच्छिक उत्तर नाही.

लाल निशाण

मग त्याला ट्रॅक डे म्हणू नका. मोकळं मैदान घ्या, शंकू लावा, दिवसभर ब्रेकिंग करा. वेगवान गटांच्या सत्रांमध्ये या लोकांना मिसळू नका. तसं असेल तर मी स्वतः निशाण घेऊन उभा राहीन.

जुनी टू-सीटर

मैदान आणि शंकू असतील तर मी गाडी घेऊन येईन, आणि यादीही आनंदाने भरेन. पण ठरावात 'सक्तीचा' हा शब्द राहिला तर माझं मत विरोधातच पडेल. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर सभासदाला आता जोरात ब्रेक दाबायला गुडघा साथ देत नाही. ते सगळ्यात पुढे, ताशी ५० ने, आरशात सगळ्यांना बघत चालतात, आणि त्यांच्या मागची ड्राइव्ह ही वर्षातली सगळ्यात सुरक्षित असते. त्यांना तुम्ही कोणत्या नियमाने थांबवणार, ते सभेत सांगा.