लहान मुलांना घेऊन थीम पार्क: बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे एकच चर्चा: इथल्या आजव्याच्या पार्कला जायचं, केवडियाला (म्हणजे आताच्या एकता नगरला), की थेट खोपोलीच्या इमॅजिकाला? घरात पाचाच्या आतलं मूल असलं की तो दिवस कसा जाणार हे झोप, भूक, शू आणि उंची यांवरच ठरतं. ज्यांनी पोरं घेऊन असा दिवस काढलाय त्यांनी सविस्तर लिहा. बारीकसारीक गोष्टीच जास्त उपयोगी पडतात.

दोन मुलींची आई, मांजलपूर

आम्ही आजव्याला गेलो होतो. निघायच्या आधी मुलींची उंची घरीच मोजली, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली आणि फोन करून कुठल्या राइडला किती उंची लागते ते विचारून घेतलं. मोठ्या राइडना बऱ्याच पार्कांत 120 ते 140 सेंटीमीटर लागते. धाकटी 98. तिला चौकटीपाशी उभं करून सांगितलं, "तू इथवर आलीस की ती मोठी राइड. तोवर घोडे आणि छोटी गाडी." तिथे मोजपट्टीच्या फळीपाशी ती टाचा उंचावून उभी राहिली, फळीकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "अजून नाही ना गं आई?" आणि पळाली घोड्यांकडे. रांगेत ताटकळून, अगदी दारातून परत फिरणाऱ्या पोरांचे चेहरे मला बघवत नाहीत. घरातून निघतानाच सांगितलेलं असलं की मुलं खूप समजूतदारपणे घेतात.

पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे घरून न्या. सुती कपड्यांचे धागे सुटतात, रंग जातो, म्हणून बहुतेक ठिकाणी ते चालत नाहीत. पाण्यातून बाहेर आल्याआल्या मुलं कुडकुडतात आणि भूक भूक करतात. पंचा, कोरडे कपडे आणि खाऊ एकाच पिशवीत वर ठेवा. बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, पण बाळांचं बहुधा सोडतात. तेही आधी विचारूनच जा.

आजोबा, दांडिया बाजार

आम्ही नातवाला एकता नगरच्या चिल्ड्रन न्यूट्रिशन पार्कला नेलं. मुद्दाम रेल्वेने गेलो, डभोईवरून. वाटेत त्याला सांगितलं की 1862 मध्ये डभोई-मियागाम ही गायकवाडांची गाडी सुरू झाली तेव्हा तिला बैल जुंपत. मग काय, एकता नगर येईपर्यंत स्वारी खिडकीतून बैल शोधत होती! पार्कात मुलांची छोटी रेल्वे आहे. फळं-भाज्या, दूध अशा विषयांच्या स्टेशनांवर ती थांबत जाते. चालणं कमी, त्यामुळे आमच्यासारख्या गुडघेवाल्यांनाही सोसतं. सोमवारी बंद असतं. आणि सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा वर जाऊन बघायचा घाट त्याच दिवशी घालू नका. लहान मुलाला दिवसाला एकच मोठी गोष्ट पुरते, यावर मी ठाम आहे.

बाबा, कारेलीबाग

आजोबांशी सहमत. माझं सांगणं, आधी आपल्या कमाटीबागेत (सयाजीबागेत) रंगीत तालीम करा. मूल किती चालतं, रांगेत किती टिकतं, गर्दीच्या आवाजाला घाबरतं का, दुपारी कितीला पेंगतं, सगळं कळतं. आमचा मुलगा बागेतल्या म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्याखाली मान वर करून खिळून उभा राहिला, पण बाहेर कर्कश भोंगा वाजताच कानांवर हात ठेवून मला बिलगला. त्यावरून मोठ्या पार्कात कुठल्या राइड सोडायच्या ते घरीच ठरलं. दुपारची झोप मात्र सोडू नका. सावलीत चादर अंथरा, तासभर जाऊ दे. तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात पेंगलेलं मूल फरफटवलं की संध्याकाळ सगळ्यांचीच जाते.

मावशी, गोत्री

गर्दीत मूल हरवू नये म्हणून: भडक रंगाचा शर्ट, मनगटावर पेनाने फोन नंबर, आणि आत शिरताना त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो. बस्स.

आई, हरणी

बोटिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 18 जानेवारी 2024 ला आमच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. इथल्या कुठल्याच आईला तो दिवस विसरता येणार नाही. कुठल्याही पार्कात बोट दिसली की मी आधी मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का ते विचारते. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. घातल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मापाचं नाही. बोटीत किती माणसं बसवायची परवानगी आहे तेही विचारा. मागच्या रांगेतले लोक घाई करतात, करू देत. जॅकेट नसेल किंवा बोट भरलेली दिसली तर मुलांना घेऊन सरळ बाहेर या.