रहस्यकथा, गूढकथा, भयकथा: कोणत्या पुस्तकमालेला काय म्हणावे?

प्रश्न

आमच्या वाचनालयात कपाटांना नव्या पाट्या लावण्याचे काम सुरू आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा, नारायण धारपांच्या समर्थकथा (झुंजार आणि समर्थ हे त्या त्या कथांचे नायक), रत्नाकर मतकरींचे कथासंग्रह आणि शेरलॉक होम्स व बंगालीतला गुप्तहेर फेलूदा यांच्या कथांचे अनुवाद सध्या ‘रहस्य’ या एकाच पाटीखाली आहेत. त्यामुळे होम्स आवडलेला सभासद ‘याच कपाटातले आणखी काही द्या’ म्हणून समर्थकथा घेऊन जातो आणि ‘यात तपास कुठे आहे?’ असे विचारत परत आणून देतो. रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा यांत नेमका भेद कोणता मानावा? तसेच ‘पॅरानॉर्मल’, म्हणजे निसर्गनियमांपलीकडचे, या अर्थी मराठीत कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद

व्युत्पत्तीने येथे फारसे काही हाती लागत नाही. ‘रहस्य’ हा शब्द ‘रहस्’, म्हणजे एकान्त, यावरून आला आहे आणि ‘गूढ’ हे ‘गुह्’, म्हणजे लपवणे, या धातूचे रूप आहे. दोन्हींचा रोख झाकलेल्या गोष्टीकडेच आहे. टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तले रहस्य तर तत्त्वार्थाचे आहे, त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही.

भेद दिसतो तो वापरात. ‘रहस्य’ हे नाम आहे. ते कोणाला तरी ठाऊक असते, म्हणूनच ते उलगडते, फुटते, त्याचा छडा लागतो. ‘गूढ’ हे मुळात विशेषण आहे. गूढ हास्य, गूढ शांतता, गूढ माणूस असे आपण म्हणतो तेव्हा त्या हास्याचा छडा लावावा असे कोणाच्या मनातही येत नाही. वर्तमानपत्रांत ‘खुनाचे गूढ उकलले’ असे छापून येते हे खरे. परंतु ‘गूढ कायम’ हा मथळाही तितकाच नेहमीचा आहे, आणि तो वाचून कोणाला विसंगत वाटत नाही. ‘भय’ तर पुस्तकात नसतेच, ते वाचणाऱ्याला वाटते.

म्हणजे रहस्यकथा हे नाव कथानकाच्या रचनेवरून पडले, गूढकथा हे वातावरणावरून आणि भयकथा हे परिणामावरून. हे तिन्ही शब्द एकाच पट्टीवरचे नसल्यामुळे एखादे पुस्तक एकाच वेळी तिन्ही असू शकते, आणि आपल्या कपाटाची अडचण नेमकी तीच आहे. कॉनन डॉयल यांची १९०१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी घ्या. माळरान, धुके, घराण्याला लागलेला शाप, अंधारात पेटलेल्या जबड्याचे जनावर. शेवटची प्रकरणे काढून टाकली तर ती निखळ भयकथा ठरेल. पण तो जबडा पेटतो तो फॉस्फरसचा लेप लावल्यामुळे, आणि तेवढ्यावरून ती रहस्यकथा ठरते. (सव्वाशे वर्षांनंतर हा रहस्यभेद क्षम्य मानावा.)

सभासद परत येतो तो याच कारणाने. त्याला भीती वाटली की नाही हा त्याचा प्रश्न नसतो. शेवटी खुलासा माणसाच्या आवाक्यातला निघतो का, एवढेच त्याला हवे असते. समर्थकथांत तसा खुलासा नसतो, कारण तेथे दुष्ट शक्ती खरीच असते आणि समर्थ तिचा बंदोबस्त करतात. तेथील प्रश्न ‘हे कोणी केले?’ असा नसून ‘यातून सुटका कशी होणार?’ असा आहे. म्हणून होम्सच्या वाचकाला समर्थकथा देताना त्यांना रहस्यकथा म्हणू नये. त्या उत्तम आहेत, पण वेगळ्या भुकेसाठी.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे; एक पुरवणी मात्र आवश्यक वाटते. मतकरींच्या कथासंग्रहांमुळे ‘गूढकथा’ हा शब्द वाचकांच्या तोंडी बसला आणि त्याला ‘न उलगडणारी कथा’ एवढ्यापेक्षा अधिक नेमका अर्थ आला. साध्या मध्यमवर्गीय घरात, ओळखीच्या माणसांत, काहीतरी बिनसू लागते आणि त्याचे मूळ बाहेरच्या भुतात आहे की आतल्या मनात, हे शेवटपर्यंत हाती लागत नाही. अशा संग्रहांना वेगळी पाटी मिळाली पाहिजे.

‘पॅरानॉर्मल’साठी सुचणारे बहुतेक शब्द आधीच दुसरीकडे कामाला लागलेले आहेत. ‘अमानुष’ म्हटले की मारहाण आठवते, ‘अलौकिक’ म्हटले की प्रतिभा, ‘पारलौकिक’ म्हटले की कीर्तन. ‘अतींद्रिय’ हा शब्द चांगला आहे, पण तो इंद्रियांपलीकडच्या ज्ञानापुरता, म्हणजे दुसऱ्याच्या मनातले कळणे किंवा दूरचे दिसणे, एवढ्यापुरताच ठेवावा. हडळ अतींद्रिय नसते. ती चांगली डोळ्यांना दिसते, हीच तर तक्रार असते. राहता राहिला ‘अमानवी’. हल्ली ‘अमानवीय’ असेही लिहिले जाते, पण त्या ‘य’ची गरज नाही. पाटीवर ‘अमानवी कथा’ लिहिले तर सभासदाला कळेल, आणि ‘भुताखेतांच्या गोष्टी’ लिहिले तर त्याहून लवकर कळेल.

प्रश्नकर्त्याची विचारणा

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. यावरून आणखी एक शंका निर्माण झाली. ज्या पुस्तकात गुन्ह्याचा छडा लागतो, परंतु अमानवी भाग तसाच राहतो, ते कोठे ठेवावे? शिवाय ‘सिरीज’ला ‘मालिका’ म्हटले तर सभासदांना दूरदर्शनवरची मालिका वाटते.

पहिल्याच प्रतिसादकाचे उत्तर

आपल्या शंकेचे नमुनेदार उदाहरण आपल्याच कपाटात आहे. सत्यजित राय यांची ‘सोनार केल्ला’ (१९७१) ही फेलूदाची कादंबरी मुकुल नावाच्या मुलाभोवती फिरते. त्याला गेल्या जन्मीचा सोनेरी किल्ला आठवतो, त्याला घेऊन एक परामानसशास्त्रज्ञ राजस्थानात जातात आणि गुप्तधनाच्या आशेने भामटे मागे लागतात. फेलूदा भामट्यांना पकडतो, पण पूर्वजन्माची आठवण खोटी ठरवण्याच्या भानगडीत तो पडत नाही. येथे रहस्य उलगडते आणि गूढ उरते. एकाच पुस्तकात दोन्ही शब्द आपापल्या जागी चपखल बसतात. माझ्या मते ती रहस्यकथांतच ठेवावी, कारण वाचकाची उत्कंठा तपासावर टांगलेली असते, पुनर्जन्मावर नाही.

‘मालिके’बद्दल आपले म्हणणे रास्त आहे. ‘पुस्तकमाला’ हा शब्द शुद्ध असला तरी त्याला प्रकाशकाच्या सूचिपत्राचा वास येतो. मराठी वाचकाने ही गरज पूर्वीच नायकाच्या नावावर भागवली आहे: झुंजारकथा, समर्थकथा, ‘फेलूदाची पुस्तके’. सुहास शिरवळकरांच्या बाबतीतही वाचक ‘अमर विश्वास आहे का?’ किंवा ‘दारा बुलंद द्या’ असेच म्हणतात. तेव्हा वर ‘रहस्य’, ‘गूढ’ आणि ‘भुताखेतांच्या गोष्टी’ अशा तीन मोठ्या पाट्या लावाव्यात आणि फळीच्या कडेला नायकांची नावे चिकटवावीत. प्रत्येक पुस्तकाचा अनुक्रमांक मात्र पुठ्ठ्यावर अवश्य लिहावा, कारण तिसरे पुस्तक आधी वाचून झालेल्या सभासदाचे समाधान कोणत्याही शब्दाने होत नाही.